बीएमडब्ल्यू ई-३६ ला झेड-३ ची स्टीअरिंग रॅक: एका बदलाचा पूर्ण आढावा

पार्श्वभूमी

गाडी १९९५ ची बीएमडब्ल्यू ३२८आय कूपे, म्हणजे थ्री सिरीजच्या ई-३६ पिढीतली. सहा सिलिंडर, १९३ पीएस, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. मालक मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे श्टुटगार्टला स्थायिक झालेला. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत. रोज ऑफिसला जायला वेगळी गाडी आहे. ही कूपे शनिवार-रविवारी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी-५०० रस्त्यावर जाते आणि वर्षातून एखाद-दोनदा न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर, तिथे सर्वसामान्यांना गाडी घालू देतात तेव्हा.

गाडीला ३० वर्षं पूर्ण होत आली होती. जर्मनीत त्यानंतर ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक नंबर प्लेट मिळू शकते; कर एका ठरावीक रकमेवर येतो आणि शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रात जायला अडचण येत नाही. प्लेट हवी असेल तर गाडीत केलेला बदल त्या काळाला धरून असावा लागतो. हा मुद्दा पुढे पर्याय निवडताना कामाला आला.

तक्रार

मालकाचं म्हणणं एका वाक्यात होतं: स्टीअरिंग मेलेलं आहे, रॅक बदलून द्या. (रॅक म्हणजे स्टीअरिंग व्हील फिरवलं की डावी-उजवी सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा.) रॅक कोणती हेही त्याने ठरवून ठेवलं होतं. ई-३६ ची मूळ रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हीलचे ३.४ फेरे घेते. त्याच पायावर बांधलेल्या झेड-३ रोडस्टरच्या १.९ लिटर मॉडेलची रॅक २.७ फेरे घेते आणि कापाकापी न करता जागेवर बसते. ई-३६ वाल्यांमध्ये हा बदल जुना आणि परिचित आहे.

‘मेलेलं’ म्हणजे नेमकं काय, हे विचारल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. सरळ रस्त्यावर गाडी धरून ठेवायला सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागत, आणि व्हील थोडं फिरवलं तरी सुरुवातीला काहीच होत नसे. दुसरं म्हणजे घाटातल्या केसपिनी (हेअरपिन) वळणांवर हात उचलून पुन्हा धरावं लागे आणि वळणातून बाहेर पडताना व्हील वेळेत सरळ करताना धांदल उडे.

पहिली तक्रार सैलपणाची आहे, दुसरी गुणोत्तराची. दोन्हींना लोक ‘स्टीअरिंग डायरेक्ट नाही’ असंच म्हणतात आणि दोन्हींवर रॅक हाच उपाय सुचवतात. रॅक-पिनियनचे दाते फक्त दुसरी तक्रार सोडवतात. व्हीलपासून टायरपर्यंतच्या साखळीत स्टीअरिंग कॉलम, त्यातली रबरी डिस्क, सांधा, हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधला टॉर्शन बार (पिळला जाणारा बारीक दांडा), पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक), रॅक, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा), लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे, रबरी बुश आणि शेवटी टायरची भिंत, इतक्या ठिकाणी हालचाल गिळली जाऊ शकते. त्यातलं काहीही सैल असताना वेगवान रॅक बसवली, तर सैलपणा तसाच राहतो आणि त्यापुढची गाडी मात्र जास्त जोरात वळते. चालवायला हे आधीपेक्षा वाईट.

तपासणी

मेकॅनिकने आधी प्ले, म्हणजे व्हील फिरवूनही टायर हलत नाही तेवढा सैलपणा, मोजला. गाडी सपाट फरशीवर, पुढची चाकं सरळ, इंजिन चालू. व्हीलच्या वरच्या कडेवर मास्किंग टेपची खूण आणि तिच्यासमोर पट्टी. एकजण व्हील अगदी हळू हलवतो, दुसरा टायरजवळ उकिडवा बसून टायर हलला की ‘हं’ म्हणतो. डावीकडून उजवीकडे मिळून १४ मिलिमीटर आले. इंजिन बंद ठेवून हे मोजण्यात अर्थ नसतो. दाब नसताना टॉर्शन बार आणि व्हॉल्व्हची स्वतःची हालचालही त्यात मिसळते आणि चांगली रॅकही सैल वाटते.

मग सैल सांधा शोधणं. इथे बरेच जण गाडी लिफ्टवर घेतात आणि फसतात, कारण चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मच्या बुशवर भारच नसतो. टायर जमिनीवर टेकलेले ठेवून, वर एकाला व्हील डावी-उजवी हलवायला सांगून, खालून प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना एकेक बोट लावायचं. एक बोट हललं आणि दुसरं थांबलं, तर दोष तिथेच. चारी चाकं टेकतील अशी चालती लिफ्ट किंवा खड्डा असेल तर काम सोपं होतं.

असं करून तीन गोष्टी सापडल्या. कॉलमच्या खालच्या टोकाची रबरी डिस्क बोल्टच्या भोकांभोवती तडकली होती. उजव्या लोअर आर्मचा मागचा बुश, ज्याला त्याच्या आकारामुळे लॉलीपॉप म्हणतात, आतून फाटला होता. ब्रेक मारला की चाक मागे सरके. डाव्या टाय रॉडचा बाहेरचा एंड किंचित खुळखुळत होता. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २११५ होते, म्हणजे टायर २०१५ च्या २१ व्या आठवड्यातले. रबर कडक झालं होतं.

रॅक स्वतः ठणठणीत निघाली. मध्यावर प्ले नाही, बूट (टोकांवरची रबरी आवरणं) कोरडे, कुठे गळती नाही.

पहिला निर्णय: आधी दुरुस्ती, मग रॅक

मालकाला सगळं एकदम करायचं होतं. त्याचं गणित पैशांच्या बाजूने बरोबर होतं: टाय रॉडला हात लावला की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आलीच, आणि दोनदा कामं काढली तर तिचे पैसे दोनदा. मेकॅनिकचं म्हणणं असं की आधी गाडी मूळच्या स्थितीला येऊ दे, थोडे दिवस चालव, मग रॅकची गरज वाटते का बघ. शेवटी मेकॅनिकचं ऐकलं गेलं.

नवीन रबरी डिस्क, दोन्ही लॉलीपॉप बुश, दोन्ही टाय रॉड एंड आणि चार टायर. डिस्कऐवजी ॲल्युमिनियमचा घट्ट तुकडाही मिळतो. तो घेतला नाही, कारण इंजिनची आणि रस्त्याची सगळी थरथर मग व्हीलमध्ये येते आणि लांबच्या प्रवासात हात बधिर होतात. बुशही पॉलियुरेथेनचे न घेता भरीव रबराचे घेतले.

हे बुश बसवताना एक चूक हमखास होते. ते आर्मच्या टोकावर साबणाच्या पाण्याने किंवा त्यासाठीच्या उडून जाणाऱ्या द्रवाने सरकवायचे असतात. ग्रीस किंवा तेल लावलं तर बुश आर्मला चिकटत नाही आणि नंतर फिरत राहतो. बसवल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत गाडी जमिनीवर उतरवून नेहमीच्या उंचीला आणायची. वंगण सुकल्यावर बुश ज्या कोनात असेल त्याच कोनात पकड घेतो. गाडी रात्रभर जॅकवर राहिली तर तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा फाटतो. नवे बुश लवकर गेले अशी ओरड असते, तिच्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

यानंतर व्हीलवरचा प्ले १४ वरून ४ मिलिमीटरवर आला. सरळ रस्त्यावरची तक्रार संपली. इथे प्रकरण थांबू शकलं असतं, आणि अशा दहापैकी बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत थांबायलाच हवं.

दुसरी तक्रार मात्र तशीच होती, आणि आता ती वेगळी मोजता आली. व्हीलच्या वरच्या मध्यावर टेप, मागच्या सीटच्या हेडरेस्टला मोबाइल बांधून व्हिडिओ, आणि नेहमीचा घाट. केसपिनी वळणांवर व्हील २३० ते २५० अंश फिरत होतं. हात पावणेतीनच्या जागी, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे धरले, तर न उचलता साधारण १८० ते १९० अंशांपर्यंत फिरवता येतं. २.७ ला ३.४ ने भागलं की ०.७९ येतात, २४० अंशांचं वळण सुमारे १९० अंशांत होईल. रॅक बदलण्याचा खरा हिशोब हा आहे. ‘स्पोर्टी वाटतं’ म्हणून बदलणं वेगळं, आणि नेहमीच्या वळणावर हात उचलावा लागणार नाही हे आकड्यात दिसल्यावर बदलणं वेगळं.

कोणते पर्याय होते

लहान व्यासाचं व्हील हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण व्हील लहान केल्याने हाताचा प्रवास कमी होतो, कोन तेवढाच राहतो. २४० अंश म्हणजे २४० अंशच. हात उचलावाच लागणार. शिवाय एअरबॅग काढावी लागली असती. बाद.

कॉलममध्ये बसवायची गिअरची डबी मिळते. ती व्हीलचा एक फेरा पिनियनला दीड फेरा करून देते. मातीच्या ओव्हल ट्रॅकवर ती चालते. तिच्या आतल्या दात्यांचा स्वतःचा प्ले असतो आणि आपण नुकताच प्ले काढण्यावर खर्च केला होता. रस्त्यावरच्या गाडीला तिची मंजुरी मिळवणंही जवळपास अशक्य.

ई-४६, म्हणजे पुढच्या पिढीच्या थ्री सिरीजची रॅक. ती मूळपेक्षा वेगवान आहे, झेड-३ इतकी नाही. मॉडेलनुसार साधारण तीन फेऱ्यांच्या आसपास. भंगारात मुबलक मिळते. पण ती ई-३६ वर सरळ बसत नाही. कानांच्या जाडीचा फरक वॉशरने भरून काढावा लागतो, कॉलमच्या सांध्याशी जुळवाजुळव करावी लागते आणि दाबाच्या नळ्या हलक्या हाताने वाकवाव्या लागतात. प्रत्येक गोष्ट जमण्यासारखी असली, तरी बदलाला मंजुरी देणाऱ्या तपासनीसासमोर प्रत्येक गोष्टीचा खुलासा द्यावा लागतो.

झेड-३ १.९ ची रॅक. सगळ्यात वेगवान, जागेवर बसणारी, आणि १९९५-९६ च्या सुमाराची म्हणजे गाडीच्या काळातली. ‘एच’ प्लेटच्या नियमात पहिल्या दहा वर्षांत होऊ शकला असता असा बदल चालतो. ही रॅक त्यात बसत होती. अडचण एकच: सगळ्या झेड-३ च्या रॅक एकसारख्या नाहीत. झेड-३ एम ची रॅक साधारण ३.२ फेऱ्यांची, मंद आहे, आणि वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारात दोन्ही ‘झेड-३ ची रॅक’ याच नावाने विकतात.

रॅक निवडताना

पहिला माल बघायला मालक आणि मेकॅनिक प्रत्यक्ष गेले. विक्रेत्याकडे रॅक टेबलावर होती, लेबल पुसट. मेकॅनिकने तिच्याखाली ट्रे ठेवला, पिनियनवर जुना सांधा अडकवून एका टोकापर्यंत नेला, सांध्यावर पेनने रेघ मारली आणि दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवला. उघड्या भोकांतून जुनं तेल पिचकाऱ्यांसारखं उडतं, म्हणून आधी भोकांवर चिंधी धरावी. मोजणी तीनच्या पुढे गेली तेव्हाच निकाल लागला. ही एम ची होती, आणि तिच्यासाठी मागितलेली किंमत १.९ ची होती. रॅक तिथेच ठेवून दोघं परत आले.

फेरे मोजणं मात्र पुरेसं नसतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. टोकापासून टोकापर्यंतच्या फेऱ्यांमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: दात्यांचं गुणोत्तर आणि रॅकची एकूण सरक. एखादी रॅक नुसती कमी सरकत असेल, तरी फेरे कमी भरतात. अशी रॅक बसवली तर स्टीअरिंग वेगवान होत नाही, फक्त गाडी वळायला जास्त जागा मागते. म्हणून पिनियन बरोबर एक फेरा फिरवून दांडा किती मिलिमीटर सरकला हे कॅलिपरने मोजायचं, आणि तीच मोजणी आपल्या जुन्या रॅकवर करायची. दुसऱ्या ठिकाणी मिळालेल्या रॅकवर हे केलं. फेरे २.७, एकूण सरक जुन्या रॅकइतकीच, म्हणजे वेग खरोखर दात्यांतून आलेला.

आणखी एक माप घेतलं: दोन्ही बाजूंच्या आतल्या टाय रॉडच्या गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर, रॅक मध्यावर ठेवून. हे अंतर बदललं तर सस्पेंशन वर-खाली होताना चाकाची दिशा आपोआप बदलू लागते, आणि खडबडीत वळणावर गाडी स्वतःच्या मनाने वळते. अंतर जुळलं.

मध्यावर पिनियन दोन्ही बाजूंना हलवून बघितला. जुनी रॅक मध्यावर जास्त झिजते, कारण गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं. त्यामुळे मध्यावर सैल आणि बाजूंना घट्ट, अशी अवस्था होते. मागच्या थ्रस्ट स्क्रूने (रॅकला पिनियनवर दाबणाऱ्या स्क्रूने) ती कसायचा मोह होतो. मध्याचा सैलपणा घालवण्याइतका स्क्रू कसला तर बाजूंना रॅक अडकते, वळणानंतर व्हील स्वतःहून परत येत नाही, आणि गाडी रस्त्यावर धोकादायक होते. या रॅकच्या मध्यावर प्ले नव्हता, म्हणून स्क्रूला हातच लावला नाही.

ही रॅक कुठल्या तरी शेडमध्ये दोनेक वर्षं पडून होती, तेलाची भोकं उघडी. बूट बाहेरून कोरडे. उघडून सील बदलायचे की आहे तशी बसवायची, हा प्रश्न निघाला. सील किट स्वस्त असतं, पण रॅक उघडायला आणि सील न फाडता बसवायला वेगळी हत्यारं लागतात, नाहीतर बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवावी लागते आणि आठवडे जातात. गळती दिसत नाही म्हणून आहे तशी बसवायचं ठरलं. या निर्णयाकडे पुढे परत यावं लागलं.

कागदपत्रं

जर्मनीत स्टीअरिंगला हात लावला की वाहन परवाना नियमावलीचं कलम १९ (२) लागू होतं. धोका संभवेल असा बदल केला तर गाडीची चालवण्याची मंजुरी आपोआप रद्द होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हे कारण आयतं मिळतं. उपाय म्हणजे कलम २१ खालची एकल तपासणी. तपासनीसाकडे काम झाल्यावर जायचं नसतं, आधी जायचं असतं. मालक आधी गेला. तपासनीसाने दोन्ही रॅकचे भाग-क्रमांक, बसवणीच्या जागा न बदलल्याचे फोटो आणि कामानंतरचा अलाइनमेंटचा कागद आणायला सांगितलं. शेवटी तो स्वतः गाडी चालवून बघणार होता. हे माहीत असल्यामुळे फोटो काम चालू असतानाच काढले गेले. रॅक बसल्यावर तिच्यावरचा क्रमांक वाचायचा म्हटला तर आरसा आणि बॅटरी घेऊन आडवं व्हावं लागतं.

पुण्यातल्या मित्रांनी हे बघून आपल्याकडे जमेल का असं विचारलंच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे. तिथे नुसती रॅक बदलून भागत नाही. मोटर, सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांनी एकमेकांना ओळखावं लागतं.

बसवणी

भाड्याने लिफ्ट मिळते अशा वर्कशॉपमध्ये एका शनिवारी काम झालं. आधी जमवलेलं सामान: रॅक, आत-बाहेरचे एंड जोडलेले नवीन टाय रॉड दोन, त्यांच्या लॉक प्लेट दोन, बूट दोन आणि क्लिपा चार, रॅकचे सेल्फ-लॉकिंग नट दोन, तेलाच्या नळ्यांच्या बॅन्जो बोल्टचे (आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर चार (दोन १४ चे, दोन १६ चे), सांध्याचा नवीन बोल्ट-नट आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) दोन लिटर. तेल कोणतं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. या गाडीला एटीएफ. बीएमडब्ल्यूच्या काही नंतरच्या गाड्यांना हिरवं सीएचएफ हे वेगळं हायड्रॉलिक तेल लागतं, आणि दोन्ही एकत्र करायची नसतात.

पहिली गोष्ट: चाकं सरळ करून किल्ली काढली आणि व्हीलचं कुलूप पडू दिलं. रॅकपासून सांधा सुटल्यावर कॉलम मोकळा फिरला तर एअरबॅगच्या वायरची गुंडाळी तुटू शकते, आणि ते लगेच कळतही नाही. मग खालचं कव्हर काढलं, टाकीतलं तेल पिचकारीने उपसलं, टाय रॉड एंड पुलरने सोडवले. हातोडीने सोडवले तर बूट फाटतात, पण इथे एंड बदलायचेच असल्यामुळे तो प्रश्न नव्हता. बॅन्जो बोल्ट, सांध्याचा बोल्ट आणि दोन मुख्य बोल्ट सुटल्यावर जुनी रॅक खालून बाहेर आली. नळ्यांची तोंडं लगेच बुचांनी बंद केली. एक वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर पुढे कायमची खरखर.

नवीन टाय रॉड टेबलावरच रॅकला जोडले, ७१ न्यूटन-मीटरने, लॉक प्लेट दुमडून. हे गाडीखाली करायला जागा नसते. जुन्या टाय रॉडची लांबी गोळ्याच्या मध्यापासून एंडच्या मध्यापर्यंत मोजून नव्यांची तितकीच ठेवली, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी चालवत नेता येते.

रॅक मध्यावर आणणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. एका टोकापर्यंत नेऊन उलट १.३५ फेरे, तिथे पिनियनवर आणि रॅकच्या बाहेरच्या आवरणावर रंगाची खूण. सांधा पिनियनवर चढवताना बोल्ट पिनियनच्या खाचेतून आरपार जायला हवा. नसेल जात तर सांधा पूर्ण खाली बसलेला नाही, ठोकून बोल्ट घालायचा नाही. मुख्य नट ४२, सांधा २२, बॅन्जो १४ चा ३५ आणि १६ चा ४० न्यूटन-मीटर.

पहिल्या खेपेला व्हील स्पष्ट वाकडं दिसलं. सांधा चढताना पिनियनचा एक दाता चुकला होता. कोणी म्हणालं, अलाइनमेंटमध्ये टाय रॉड एकीकडे लांब, एकीकडे आखूड करून सरळ होईल. होतं तसं. पण मग रॅक मध्यावर नसते, गाडी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी वळते, इंडिकेटर भलत्या जागी बंद होतो. सांधा पुन्हा सोडवून एक दाता फिरवला. वीस मिनिटांचं काम, पण तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. नेमक्या अशाच वेळी टाय रॉडचा सोपा मार्ग पटतो.

तेल भरल्यावर इंजिन सुरू करायची घाई केली नाही. पुढची चाकं हवेत ठेवून, इंजिन बंद असताना व्हील टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवलं, टाकीतली पातळी भरत गेले. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा दोन्हीकडे. टोकाला दाबून धरायचं नाही, पंपावर पूर्ण दाब येतो. पंप कण्हत असेल आणि तेलावर फेस असेल, तर गाडी बंद करून थांबायचं. फेस बसल्याशिवाय हवा निघत नाही.

निकाल

केसपिनी वळणांवर पुन्हा व्हिडिओ घेतला. व्हीलचा कोन १८५ ते २०० अंशांत आला. बहुतेक वळणांवर हात उचलावा लागेना. एक-दोन अगदी आवळलेल्या वळणांवर अजूनही लागतो. वळणातून बाहेर येताना व्हील सरळ करायची धांदल संपली, आणि मालकाच्या मते मोठा फरक वळण घेण्यापेक्षा इथेच पडला. पार्किंगमध्ये स्टीअरिंग थोडं जड वाटतं, तक्रार करण्याइतकं नाही.

ऑटोबानवर मात्र पहिल्या आठवड्यात १६० च्या पुढे गाडी अस्वस्थ वाटली. पहिल्या अलाइनमेंटमध्ये पुढचा टो (पुढच्या चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) जवळपास शून्य ठेवला होता, चटकन वळावी म्हणून. मंद रॅकवर ते खपलं असतं. इथे हाताची एवढीशी हालचाल सुमारे पाव हिश्श्याने जास्त होऊन चाकापर्यंत पोचते. दोन्ही चाकं मिळून टो-इन (टोकं आत वळलेली) १६ मिनिटं, म्हणजे अंशाचे १६ साठांश, केल्यावर गाडी शांत झाली. घाटातला फरक जाणवला नाही.

सहा आठवड्यांनी खालच्या कव्हरवर लाल तेलाचे थेंब दिसले. वरून शोधत गेल्यावर ओल पिनियनच्या मानेवर, सांध्याच्या खालीच सापडली. शेडमध्ये कोरडं पडून कडक झालेलं सील दाबाखाली हळूहळू सुटलं होतं. रॅक पुन्हा खाली उतरवून दुरुस्तीवाल्याकडे पाठवली, सगळे सील बदलून आली, पुन्हा बसवली. टाय रॉडच्या लांबीचे नट हलवले नव्हते, त्यामुळे टो जागेवर होता. मशिनवर तपासून घेतला. पण वॉशर, सांध्याचा बोल्ट-नट, मुख्य नट आणि तेल पुन्हा नवीन लागलं आणि गाडी महिनाभर उभी राहिली. ट्यूफची (जर्मनीतल्या वाहन-तपासणी संस्थेची) तपासणी त्यानंतर झाली, आणि बदल कागदपत्रांत चढला.

वेगळं काय करता आलं असतं

आधी दुरुस्ती आणि मग रॅक, हा क्रम पुन्हा तसाच ठेवावा. दुसऱ्या अलाइनमेंटचे पैसे गेले. त्या बदल्यात कोणत्या कामाने काय सुधारलं हे कळलं. दोन्ही एकदम केलं असतं तर सगळं श्रेय रॅकला गेलं असतं.

नवीन टाय रॉड एंड पहिल्या फेरीत घालून दुसऱ्या फेरीत पूर्ण टाय रॉड बदलणं ही उधळपट्टी होती. पहिल्या वेळी खुळखुळणारा डावा एकच बदलायचा आणि उजवा पुढच्या कामापर्यंत ठेवायचा, एवढं पुरलं असतं.

पडून राहिलेली रॅक न उघडता बसवायला नको होती. गळती दिसत नाही यातून काही सिद्ध होत नाही, कारण आत तेलच नसतं. वापरलेली रॅक चालत्या गाडीतून कालच काढलेली असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर ती हातात असतानाच सील बदलून घ्यावेत. या गाडीत सील बदलण्याच्या खर्चाइतकाच खर्च पुन्हा काढण्या-बसवण्यावर झाला.

अलाइनमेंटवाल्याला रॅक वेगवान आहे हे आधी सांगायला हवं होतं. त्याने ई-३६ च्या नेहमीच्या ट्रॅकवरच्या सवयीप्रमाणे टो दिला.

जुनी रॅक मालकाने विकली नाही. तेल पूर्ण काढून, भोकांना प्लॅस्टिकची बुचं आणि पिनियनला ग्रीस लावून, बूट शाबूत ठेवून ती गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. पुढचा मालक गाडी मूळ स्थितीत मागेल, तर ती एका दिवसात परत बसेल, आणि तेव्हा तिचे सील तपासून घ्यावे लागतील.